बास माशाची गरी : काठी, दोरा आणि आमिष यांची निवड

गरीनें मासे धरण्याच्या साहित्याविषयीं आम्हीं लेख लिहावा हें पाहून आमच्या कांहीं वाचकांच्या भुंवया वर चढतील, हें आम्हांस ठाऊक आहे. ज्या स्वयंपाकघरांत चातुर्मासांत कांदासुद्धां येत नाहीं, तेथें काठी, रीळ आणि गळ यांची चर्चा कशासाठीं ? (सारस्वत वाचक मात्र गालांत हसत असतील, त्यांस मासा कसा धरतात हें नव्हे, तर तो पानांत केव्हां येतो एवढेंच विचारावयाचें असतें.) परंतु ज्यांचा एकादा मुलगा, पुतण्या किंवा भाचा अमेरिकेंत नाहीं अशीं कुटुंबें आज आपल्यांत थोडींच उरलीं आहेत, आणि त्या मुलांचीं मुलें तेथल्या तळ्यांच्या कांठीं वाढत आहेत. आपल्याकडे संक्रांतीच्या सुमारास पोरें जशीं पतंगासाठीं वेडीं होतात, तशीं तेथें उन्हाळ्यांत गरीसाठीं होतात. नातू काठी मागणारच; प्रश्न उरतो तो ती कोणती घ्यावी एवढाच. हा प्रश्न वरवर बाजारहाटाचा दिसतो, आणि आम्हांसही तो तसाच वाटला होता. तो तसा नाहीं हें एका माशाच्या मरणानें आमच्या ध्यानांत आलें.

आमचा भाचा न्यू हॅम्पशायर राज्यांत एका तळ्यापासून हाकेच्या अंतरावर राहतो. कांहीं वर्षांपूर्वीं जुलै महिन्यांत आम्हीं त्याच्याकडे गेलों, तेव्हां त्याचा मुलगा रोहन दहा वर्षांचा होता. शाळासोबत्यांचें पाहून त्यानें हट्ट धरला होता, म्हणून बापानें टपालानें दूरच्या राज्यांतून एक तयार संच मागविला होता. त्यांत एक आखूड, लवलवती काठी, तिच्यावर बारीक दोरा गुंडाळलेलें रीळ, शिशाच्या बारीक गोळ्या आणि एका पेटींत चाळीस रंगीबेरंगी आमिषें होतीं. खोक्यावर 'नवशिक्यांसाठीं' असें ठळक छापलेलें होतें. त्या चाळीसांतलें कोणतें लावावें हें कोणासच कळेना; शेवटीं रोहननें बागेंतलें गांडूळ गळास टोंचलें आणि धक्क्यावरून दोरा सोडला.

पाऊण तासानें मासा लागला, तो चांगला तीन पौंडांचा. दोरा असा कीं जोरानें ओढावें तर तुटावा. काठी अशी कीं माशानें झटका दिला कीं तिचा मुठीपर्यंत कोयता व्हावा. दहा-बारा मिनिटें ती ओढाताण चालली होती. पाणी उन्हानें कोमट झालें होतें. मासा हातीं आला तेव्हां गळ ओठांत नव्हता. गांडुळासकट तो पार घशांत उतरला होता. भाच्यानें चिमट्यानें तो उपसून काढला, थोडें रक्त आलें, आणि मासा पाण्यांत सोडला. तो पोहला नाहीं. पांढरें पोट वर करून धक्क्याच्या खांबापाशीं हेलकावत राहिला. रोहन त्या रात्रीं जेवला नाहीं. आमची भाचेसून स्वयंपाकघराच्या दारांत उभी राहून म्हणाली, "मामा, आतां बास !" माशाचें नांवही तेंच आहे हें तिच्या ध्यानींमनींही नव्हतें, हंसावयाची ती वेळही नव्हती. काठी मोटारखान्यांत गेली.

दुसऱ्या दिवशीं शेजारचे एक वृद्ध गृहस्थ आले. हे निवृत्त शाळामास्तर. उभा जन्म त्याच तळ्यावर गेलेला. त्यांनीं ती पेटी उघडून पाहिली, शिशाच्या गोळ्या एका बाजूस केल्या आणि रोहनला रागें न भरतां एवढेंच म्हणाले कीं, यांत चूक तुझी नाहीं, खरेदीची आहे. चुकीच्या साहित्याचा दंड धरणारा भरीत नाहीं, मासा भरतो. पुढचे तीन आठवडे त्यांच्या ओसरीवर बसून आम्हीं जें ऐकलें आणि नंतर घरीं पुस्तकें चाळून जें पडताळून पाहिलें, तें येथें देत आहों.

प्रथम मासा कसला तें समजून घेतलें पाहिजे. बास हा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागांतला गोड्या पाण्याचा मासा. त्याच्या मुख्य जाती दोन : मोठ्या तोंडाचा आणि लहान तोंडाचा. मोठ्या तोंडाचा बास कमळाच्या पानांखालीं, पाणवनस्पतींत, पडलेल्या झाडाच्या बुंध्याशीं दबा धरून बसतो. लहान तोंडाचा स्वच्छ, थंड, खडकाळ पाण्यांत रमतो. भक्ष्यामागें मैलभर धांवण्याची त्याची रीत नव्हे. लहान मासा, झिंग्यासारखा पाणकिडा किंवा बेडूक जवळून गेला कीं तो एकदम जबडा पसरतो, त्यासरशीं पाणी आंत ओढलें जातें आणि त्याबरोबर भक्ष्यही. दांतांनीं पकडून चावण्यापेक्षां शोषून गिळणें हा त्याचा मार्ग. आमिष जिवंत आणि स्थिर असेल तर तें घशांत कां उतरतें हें यावरून उमगतें. वसंतांत पाणी ऊबदार होऊं लागलें कीं नर शेपटीनें तळाशीं खळगा करतो, मादी अंडीं घालून निघून जाते, आणि नर तीं अंडीं व पुढें पिलें राखीत बसतो. त्या दिवसांत तो कशावरही धांवून जातो, भुकेनें नव्हे, राखणीसाठीं. त्याला तेथून थोडा वेळ जरी उचललें तरी टपून बसलेले लहान मासे घरटें साफ करतात. म्हणून अनेक राज्यांत वसंतांतील गरीवर निर्बंध आहेत, आणि जेथें नाहींत तेथेंही विचारी माणसें घरट्यावरच्या नराच्या वाटेस जात नाहींत.

साहित्य किती लागतें याविषयीं एक हकीकत सांगण्याजोगी आहे. २ जून १९३२ रोजीं, महामंदीच्या ऐन काळांत, जॉर्जिया राज्यांतील जॉर्ज पेरी नांवाचा एक तरुण शेतकरी मित्राबरोबर मॉन्टगोमेरी तळ्यावर गेला. पावसानें शेतांत नांगर घालतां येत नव्हता, म्हणून गेला असें सांगतात. दोघांत मिळून काठी एक, आणि आमिषही एकच, लांकडी. त्या दिवशीं त्यानें २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे सुमारें १० किलोंचा बास काढला. घरच्या माणसांनीं तो खाल्ला. घरांत खाणारीं तोंडें होतीं, म्हणून तर तो गेला होता. सत्याहत्तर वर्षें त्या वजनाला कोणी शिवूं शकलें नाहीं. २००९ सालीं जपानांतील बिवा सरोवरांत मानाबु कुरिता यानें त्याच्या बरोबरीचा मासा काढला, तेव्हां दोघांची नोंद जोडीनें झाली. चाळीस आमिषांची पेटी घेऊन बसलेल्या माणसानें पेरीचें एक लांकूड मधून मधून आठवावें.

आतां काठी. आपल्याकडे कोंकणांत गरवणारा बांबूची काठी घेतो आणि तिचा स्वभाव हातानेंच जोखतो. आजच्या काठ्या कांचतंतूंच्या किंवा कार्बनतंतूंच्या असतात, आणि त्यांचा स्वभाव मुठीच्या वरच बारीक अक्षरांत छापलेला असतो. ती ओळ शंभरांतले नव्वद ग्राहक वाचीत नाहींत असें आमचे मास्तर म्हणत. तींत चार गोष्टी असतात : लांबी, ताकद, किती पौंडांचा दोरा पेलतो, आणि किती औंसांचें आमिष फेंकतां येतें. ताकद म्हणजे काठी वांकवावयास किती जोर लागतो तें. तिचें वांकणें कोठून सुरू होतें ही आणखी निराळी गोष्ट; कांहीं काठ्या शेंड्याशींच वांकतात, कांहीं मध्यापासून, तर कांहीं मुठीपर्यंत. शेंड्याशीं वांकणारी काठी माशाचा स्पर्श लवकर कळविते आणि झटका दिला कीं गळ तत्काळ ओठांत रुततो, घशांत जाण्यापूर्वीं. ज्या आमिषास तीन-तीन आंकडे असलेले गळ टांगलेले असतात, त्यास मात्र मध्यापासून वांकणारी काठी बरी. फार ताठ काठीनें ते बारीक आंकडे ओठ फाडून निसटतात.

रोहनची काठी हलक्या ताकदीची होती. ती बोटभर माशांसाठीं ठीक. तीन पौंडांच्या बासास ती आवरूं शकत नाहीं, नुसती दमवूं शकते. मासा दमला कीं जिंकलों असें नवख्यास वाटतें. वास्तविक जितका वेळ ओढाताण चालते तितका माशाच्या स्नायूंत आम्लाचा सांचा होतो, आणि कोमट पाण्यांत प्राणवायू आधींच कमी असल्यानें सुटल्यावरही तो सांवरत नाहीं. नाजुक काठीनें मोठा मासा काढणें यांत कौशल्य आहे असें मानणारा एक पंथ आहे. आम्हांस तो पटत नाहीं. दहा-बारा वर्षांच्या मुलास किंवा नवशिक्या प्रौढास साडेसहा ते सात फूट लांबीची, मध्यम ताकदीची, शेंड्याशीं वांकणारी, आठ ते बारा पौंडांचा दोरा व पाव ते अर्धा औंस वजनाचें आमिष पेलणारी एक काठी पुरते. दाट पाणवनस्पतींत गरी टाकावयाची तर याहून भारी लागेल. परंतु मुलानें आरंभीं अशा जागीं जाऊंच नये.

रिळाची कथा काठीपेक्षां गमतीची आहे. हातानें एक फेरा दिला असतां चाक अनेक फेरे घेतें असें रीळ अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं केंटकी राज्यांत जॉर्ज स्नायडर यानें केलें, आणि तो होता घड्याळजी. पुढें टेक्ससचा आर. डी. हल, हाही घड्याळेंच दुरुस्त करणारा, वाण्याच्या दुकानांत पुडे बांधतांना स्थिर गुंडीवरून सुतळी कशी भराभर सुटते हें पाहून एक झांकलेलें रीळ योजूं लागला. त्याची कल्पना घेतली ती ओक्लाहोमांतील टल्सा येथील एका कारखान्यानें, जो तेलाच्या विहिरींसाठीं वेळ लावून फुटणारे बॉम्ब करीत असे. 'झीरो अवर बॉम्ब कंपनी' असें त्याचें नांव. १९४९ सालीं तेथें रिळें निघूं लागलीं आणि तेंच नांव आखडून 'झेब्को' झालें. बॉम्बच्या कारखान्यानें लहान मुलांच्या हातीं खेळणें द्यावें, ही उलट दिशेची घटना जगांत विरळाच.

आज दुकानांत तीन जाती दिसतात. झांकलेलें रीळ, ज्याची कळ दाबून सोडली कीं दोरा सुटतो. सहा-सात वर्षांच्या पोराला हें पुरे. दुसरें उघडें, काठीच्या खालच्या बाजूस टांगलेलें. यांत गुंडी स्थिर राहते व दोरा वळशा-वळशांनीं मोकळा होतो. हलकीं आमिषें यानेंच नीट जातात, आणि आमची शिफारस यालाच. तिसरें काठीच्या वर बसणारें, ज्याचें चाक फेंकतांना स्वतः गरगर फिरतें. जाणत्याच्या हातीं तें फार नेमकें चालतें. परंतु अंगठा चाकावर वेळीं टेकला नाहीं तर आमिष थांबतें, चाक थांबत नाहीं, आणि सुगरणीच्या खोप्यासारखा गुंता हातीं येतो. ज्यानें पतंगाची आसारी वाऱ्यावर सोडून दिली आहे त्यास अधिक सांगावयास नको. भाच्यानें तें हौसेनें घेऊन पाहिलें, आणि एक रविवार गुंता सोडविण्यांत गेला.

रीळ कोणतेंही असो, त्यावर दोरा किती जोरानें ओढला असतां सुटूं लागेल हें ठरविणारी एक चकती असते. तिला ड्रॅग म्हणतात. दोरा जेवढ्या वजनास तुटतो त्याच्या पाव ते तृतीयांश इतक्या ओढीस तो सुटला पाहिजे. ही गोष्ट स्प्रिंगच्या कांट्यानें घरीं मोजतां येते. रोहननें ती आईच्या सामान तोलण्याच्या कांट्यानें मोजली, आणि त्या दिवसापासून त्याच्या आईचा राग थोडा उतरला असें आमचें निरीक्षण आहे.

दोऱ्याविषयीं थोडक्यांत. नायलॉनचा एकेरी दोरा ताणतो, स्वस्त पडतो, गांठ नीट धरतो. नवख्याच्या हातचे झटके तो पोटांत घालतो. विणलेला दोरा बारीक असून भलताच चिवट, जरासुद्धां ताणत नाहीं; पाणवनस्पतींतून मासा उपसण्यास तो उत्तम, पण मुलाच्या बोटांस कापणारा. तिसरा फ्लुओरोकार्बनचा, पाण्यांत कमी दिसणारा व बुडणारा. स्वच्छ पाण्यांत उपयोगी, किंमत जास्त. आम्हीं आठ पौंडांचा साधा नायलॉन घेतला. तो उन्हानें खराब होतो म्हणून दरवर्षीं बदलावा, आणि काढलेला दोरा तळ्याकांठीं टाकूं नये. पांखरांचे पाय त्यांत अडकतात. गांठ मारतांना ती ओली करून आवळावी, कोरडी आवळल्यास घर्षणानें दोरा तेथेंच कमजोर होतो.

आमिषांचा बाजार पाहिला म्हणजे मात्र माणसाची मति गुंग होते. लग्नसराईंत लुगड्यांच्या दुकानांत बसल्यासारखें होतें. मास्तर म्हणत, हीं निम्मीं आमिषें माशांसाठीं नसून माणसांसाठीं रंगविलेलीं आहेत. तें खोटें नाहीं. इलिनॉय विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत मोठ्या तोंडाचा बास तांबडा व हिरवा रंग चांगले ओळखतो, परंतु पिवळट-हिरवा आणि पांढरा, किंवा गडद निळा आणि काळा यांत त्याचा घोटाळा होतो, असें आढळलें. म्हणजे पेटींतल्या निम्म्या छटा त्याच्या लेखीं एकच. पाणी स्वच्छ असेल तर माशा-पाणकिड्यांसारखा साधा रंग, गढूळ असेल तर एक गडद व एक उजळ, एवढ्यावर भागतें.

रंगाहून महत्त्वाचें तें आमिष पाण्यांत किती खोल आणि कसें चालतें हें. फिनलंडांतील लाउरी रापाला यानें १९३६ सालीं चांभारी सुरीनें बुचाचें लांकूड कोरून, त्यावर चॉकलेटचा चंदेरी कागद चिकटवून आणि फोटोच्या जुन्या फिल्मा वितळवून त्याचें रोगण देऊन जें आमिष केलें, त्याचें सारें मर्म त्याच्या लंगडत्या चालींत होतें. दुखावलेला लहान मासा जसा डुलत जातो तसें तें जाई, कारण शिकारी मासा कळपांतून तोच निवडतो. अशा आमिषाच्या तोंडाशीं एक पाती असते. ती जितकी लांब तितकें तें खोल बुडी घेतें. दुसरें मोठें नांव ओहायोतील आक्रन येथील निक क्रीम याचें. त्यानें व त्याच्या पत्नीनें १९४९ सालीं मऊ प्लास्टिकचें गांडूळ बाजारांत आणलें. तें प्रथम घरच्या चुलीवरच शिजलें असें सांगतात. या गांडुळांत गळाचें टोंक आंत दडवून ठेवतां येतें, त्यामुळें तें पाणवनस्पतींत अडकत नाहीं. आणि तें सतत हालवीत राहावें लागत असल्यानें मासा धरतांच हातास कळतें. जिवंत गांडुळाहून मुलास हें बरें तें याचसाठीं.

चाळीसांतून मास्तरांनीं पांच ठेवलीं : दोन प्लास्टिकचीं गांडुळें, एक आखूड पातीचा लांकडी मासा, एक फिरत्या पत्र्यांचें चकाकणारें आमिष आणि पाण्यावर बुडबुड करीत चालणारें एक. पांचही काठीवर छापलेल्या वजनाच्या मर्यादेंत बसणारीं. लांकडी माशाचे तिहेरी गळ काढून त्या जागीं एकेरी लावले. गळाच्या टोंकामागें जो उलटा कांटा असतो तो त्यांनीं पकडीनें सर्वत्र चेपून टाकला. याच्यायोगें एखादा मासा निसटतो हें खरें. परंतु जो लागतो त्याच्या ओठांतून गळ क्षणांत सुटतो, आणि मुलाच्या बोटांत रुतला तर तोही. चुकून घशांत गेलाच तर उपसूं नये, दोरा जवळून कापून गळ तसाच सोडावा; मासा तगण्याची आशा त्यांत अधिक असते. भाच्यानें त्या दिवशीं नेमकें उलट केलें होतें.

राहिल्या शिशाच्या गोळ्या. या प्रकरणीं आमचें मन सर्वांत अधिक अस्वस्थ झालें. न्यू हॅम्पशायरच्या तळ्यांत लून नांवाचा एक सुंदर पाणपक्षी आहे. त्याची रात्रींची दीर्घ हांक ऐकली तर झोंप उडते. अन्न दळण्यासाठीं हा पक्षी तळाचे बारीक खडे गिळतो, आणि त्या खड्यांत शिशाची गोळी आली, किंवा तुटलेल्या दोऱ्यासकट मासा आला, तर ती पोटांत झिजून रक्तांत भिनते. एक लहानशी गोळी पूर्ण वाढलेल्या लूनचा जीव घेण्यास पुरते. म्हणून २००० सालीं या राज्यानें अशा शिशावर प्रथम बंदी घातली व पुढें ती वाढवीत नेली. भाच्याकडे टपालानें आलेला संच तेथें वापरणेंच बेकायदा होतें, आणि ही गोष्ट त्या सुशिक्षित घरांत कोणासही ठाऊक नव्हती. शिशाऐवजीं टंगस्टनच्या गोळ्या मिळतात. त्या महाग असल्या तरी शिशापेक्षां जड, म्हणून आकारानें लहान व तळाचा खडक हातास अधिक स्पष्ट कळविणाऱ्या. जुन्या गोळ्या नगरपालिकेच्या विषारी कचऱ्याच्या केंद्रावर देऊन आलों.

खाण्यासाठीं नव्हे, नुसत्या खेळासाठीं मासा धरून सोडावा हें कितपत योग्य, असें भाचेसुनेनें आम्हांस सरळ विचारलें. धरलेला मासा सोडण्याची चाल तेथें रे स्कॉट या गृहस्थानें १९७२ पासून आपल्या स्पर्धांतून फैलावली. त्यापूर्वीं माशांच्या माळा टांगून फोटो काढीत. तेवढी सुधारणा मोठीच. तरी सोडलेला प्रत्येक मासा जगतो असें नाहीं. आम्हीं तिला इतकेंच म्हणालों कीं, मुलगा तळ्यावर जाणारच असेल तर नीट साहित्य घेऊन जावा. ती कांहीं बोलली नाहीं. पण तिची पूर्ण खात्री झाली आहे असें आम्हांस वाटलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आमचीही नाहीं.

निघण्याच्या चार दिवस आधीं, पहांटे पाणी थंड असतां, रोहननें नव्या काठीनें प्लास्टिकचें गांडूळ टाकलें. मासा लागल्यापासून सुटेपर्यंत दोन मिनिटेंही गेलीं नसतील. त्यानें आधीं हात ओले केले, कोरड्या हातानें अंगावरचा बुळबुळीत थर निघतो म्हणून. अंगठ्यानें खालचा ओठ धरला, दुसऱ्या हातानें पोटास आधार दिला, गळ सोडविला आणि मासा पाण्यांत आडवा धरून ठेवला. त्यानें एकदां कल्ले उघडले, शेपटीचा फटका दिला आणि पाण्याचे शिंतोडे आमच्या चष्म्यावर उडवून तो खालीं गेला. त्या दिवसापासून काठीला मोटारखान्यांतून घरांत, जोड्यांच्या फळीशेजारीं जागा मिळाली आहे. अट एकच आहे : हात बागेच्या नळावर धुवावयाचे, स्वयंपाकघराच्या नाहीं.